गंज घालवा

"अगं, आपण सगळे गंजायलोय!"

पेपरातून मान वर काढून नरहररावांनी हे जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात बटाट्याचं अर्धं भजं होतं.

"आधी तेवढं भजं संपवा, मग निवांत गंजा," कुसुमताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पेपरला तेल लागायलंय. शाळेचा आहे तो."

पेपर शाळेचाच होता. हैदराबादेत रविवारी छापलेलं ते इंग्रजी वर्तमानपत्र सोमवारी आळंदला पोचायचं आणि मंगळवारी दुपारच्या बसने नागलगीला यायचं. नागलगीत ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे हायस्कुलात विज्ञान शिकवणारे नरहरराव. त्या दिवशीच्या पुरवणीत कुणा डॉक्टरांनी लिहिलं होतं, की आपण श्वासातून घेतलेला प्राणवायू शरीराचं काम चालवता चालवता थोडी मोडतोडही करत असतो. लोखंडाला हवा लागून गंज चढतो, त्यातलाच हा प्रकार. ही मोडतोड आवरायला मदत करणारे पदार्थ रंगीत भाज्यांत आणि फळांत भरपूर असतात, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. नरहररावांनी लेख दोनदा वाचला, आणि दुसऱ्या वाचनात बशीतली उरलेली सहा भजी संपवली.

ही गोष्ट १९८९च्या डिसेंबरातली. दर वर्षी येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात नागलगीत व्याख्यानमाला व्हायची. सोलापूर, लातूर, गुलबर्ग्याहून वक्ते यायचे. गेली बावीस वर्षं नरहरराव त्या व्यासपीठावर न चुकता चढत होते आणि न चुकता फक्त आभार मानून उतरत होते. गावात त्यांना मागून 'आभारमास्तर' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. येत्या मे महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते. त्याआधी एकदा, फक्त एकदा, आपलं स्वतःचं भाषण व्हावं आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, त्याही भाषण संपलं म्हणून नव्हे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुसुमताईंशिवाय कुणाला बोलून दाखवली नव्हती. कुसुमताईंना मात्र ती बावीस वेळा ऐकावी लागली होती.

त्याच संध्याकाळी व्याख्यानमालेचे चिटणीस बंडोपंत धापा टाकत आले.

"नरहरराव, सोलापूरचे वक्ते पडले!"

"कशावरून?"

"कशावरून नाही हो, आजारी पडले. तार आलीय. शुक्रवार मोकळा पडलाय. म्हटलं, तुम्ही..."

"आभार ना? मानतो की."

"आभार नव्हे, भाषण! भाषण करता का?"

नरहररावांनी पेपरची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. शेवटी कुसुमताईच आतून म्हणाल्या, "करतात म्हणायलेत ते."

"विषय?" बंडोपंतांनी खिशातून पेन्सिल काढली.

"अँटिऑक्सिडंट!" नरहररावांना एकदम वाचा फुटली.

बंडोपंतांची पेन्सिल थांबली. "कुणाची आंटी?"

"आंटी नव्हे हो, अँटी! अँटिऑक्सिडंट!"

"जाहिरातीच्या फळ्यावर आंटीच दिसणार. आणि गावात जिला आंटी म्हणतात अशी एकच बाई आहे, ती म्हणजे माझी पुण्याची सून. मला घरात राहू द्यायचं असेल तर मराठीत काहीतरी सांगा."

नरहररावांनी डोळे मिटून विचार केला आणि 'प्रतिऑक्सिडीकारक' हा शब्द काढला. त्याला रंगाचा अख्खा डबा लागेल, असं बंडोपंतांनी स्पष्ट सांगितलं. मग बराच वेळ येरझाऱ्या घालून झाल्यावर नरहररावांना ती ओळ सुचली. ती सुचताच त्यांनी मांडीवर थाप मारली. "लिहा! गंज घालवा, आरोग्य मिळवा!"

"वा!" बंडोपंत म्हणाले. "सुटसुटीत आहे."

"पण गंज म्हणजे कोणता गंज?" कुसुमताईंनी दारातून विचारलं.

"अगं, गंज म्हणजे गंज! शेंबड्या पोरालाही कळेल!"

कुसुमताईंच्या हातात तेव्हा दुधाचा गंज होता. आमच्याकडे उभट पातेल्याला गंजच म्हणतात. त्यांनी एकदा हातातल्या भांड्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि बावीस वर्षांनी फुललेल्या चेहऱ्यावर विरजण कशाला घाला, असं म्हणून त्या दूध तापवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बंडोपंत अध्यक्षांची संमती घ्यायला गेले. व्याख्यानमालेचे कायमचे अध्यक्ष वीरभद्रप्पा. बाजारात त्यांची आडत होती, मंडपाचा आणि भोंग्याचा खर्च तेच करायचे. घरात कानडी, दुकानात दख्खनी आणि व्यासपीठावर मराठी, अशी त्यांनी भाषांची वाटणी केलेली होती. त्या वेळी ते गुलबर्ग्याला निघायच्या घाईत दुकानातच उभे होते, त्यामुळे त्यांनी 'गंज' हा शब्द दख्खनीत ऐकला. दख्खनीत गंज म्हणजे टक्कल.

"गंज जातो काय री?" वीरभद्रप्पांनी टोपी काढून तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला.

"मास्तर म्हणतात जातो. खाण्यापिण्यात थोडा बदल केला की झालं."

"किती दिवसांत?"

"ते भाषणात सांगतीलच."

"शुक्रवारी चार वाजता मी गुलबर्ग्याहून थेट मंडपात येतो. अध्यक्ष मीच. वही घेऊन येतो री!"

अध्यक्षांना विज्ञानाची इतकी ओढ आहे हे बंडोपंतांना आजवर माहीत नव्हतं. त्यांना बरं वाटलं.

इकडे शाळेचा शिपाई अंबाजी सायकलला भोंगा बांधून निघाला. त्याचा आवाज खणखणीत होता आणि डोकं स्वतःचं होतं. फळ्यावरची ओळ वाचल्यावर त्याला ती फार आवडली, कारण नागलगीत गंज म्हणजे तुरीचा बाजार. निजामाच्या अमदानीपासून बाजाराला तेच नाव होतं. त्या गंजावर शेतकऱ्यांचा राग होता तो एका गोष्टीसाठी. तूर घेऊन आलेली बैलं दिवसभर उन्हात उभी राहत आणि तिथे त्यांना प्यायला पाण्याचा साधा हौद नव्हता. तीन वर्षं अर्ज चालले होते. अंबाजीचा भाऊ उमाजी त्या अर्जांवर पहिली सही करणारा.

"ऐका हो ऐका! शुक्कुरवारी सांजच्याला शाळंच्या मैदानात आपले नरहर मास्तर बोलणार! गंज घालवा, आरोग्य मिळवा! समद्यांनी या!"

उमाजी शेतातून धावतच रस्त्यावर आला. "अंब्या, मास्तर गंजाच्या इरुद्ध बोलणार?"

"फळ्यावर लिव्हलंय की."

"आभारमास्तर?"

"आता आभार बिभार काय न्हाई. मास्तर रिटायर व्हायलेत. आता कुणाला भ्यायचं त्येंनी?"

हे उमाजीला पटलं. संध्याकाळपर्यंत पाच वाड्यांवर निरोप गेले.

बायकांच्या आळीत गोष्ट आणखी वेगळ्या वळणाने गेली. दवाखान्यातली नर्सबाई मागच्याच महिन्यात सांगून गेली होती, की जर्मनच्या भांड्यात आंबट शिजवू नका. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. त्यात भोंगा म्हणाला, गंज घालवा, आरोग्य मिळवा. भाजीवाल्या नागूबाईने त्याचा सरळ अर्थ लावला.

"अगं, सरकारची स्कीम आली. जर्मनचा गंज द्यायचा अन् बदल्यात चांगला घ्यायचा. मास्तरांच्या हातानं वाटप हाय."

"बदल्यात काय द्यायलेत? पितळंचा का इष्टीलचा?"

"आरोग्य म्हणलाय त्यो. म्हंजी इष्टीलच असल."

'ध' चा 'मा' व्हायला इतिहासात निदान कुणीतरी मुद्दाम अक्षर बदललं होतं म्हणतात. नागलगीत एक अक्षरही न बदलता एका वाक्याच्या चार जाहिराती झाल्या, आणि त्या प्रत्येकाला शंभर टक्के पटल्या.

नरहररावांना यातलं काही माहीत नव्हतं. ते तीन दिवस आरशासमोर भाषणाची तालीम करत होते.

शुक्रवारी साडेचार वाजता ते मैदानाच्या कोपऱ्यावर आले आणि थबकले. दर वर्षी व्याख्यानाला चाळीस माणसं यायची, त्यांत दहा चिटणिसांच्या घरची असत. आज मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. उजवीकडे पटके बांधलेले शेतकरी, डावीकडे बायका, कुंपणापलीकडे बैलगाड्या. नरहररावांचे डोळे भरून आले.

"बघितलंस?" ते कुसुमताईंना म्हणाले. "लोक म्हणतात खेड्यात विज्ञानाची भूक नाही."

"अहो, पण बायकांनी भांडी कामून आणलीत?"

"येळवशीची खरेदी करून थेट आल्या असतील. बघ, केवढी तळमळ!"

व्यासपीठावर वीरभद्रप्पा वही उघडून तयार बसले होते. सभेच्या मागे दुकानं लवकर बंद करून आलेले आडते घोळका करून उभे होते. आपला अध्यक्ष आपल्याच गंजाविरुद्धच्या सभेत मधोमध कसा बसला, हे त्यांना कळत नव्हतं. नरहररावांनी माइकपुढे उभं राहून घसा साफ केला.

"बंधुभगिनींनो! हा गंज आपल्याला आतून पोखरतोय!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की कुंपणापलीकडची दोन बैलं बिथरली. नरहररावांना क्षणभर पुढचं वाक्य आठवेना. भाषणाच्या सुरुवातीलाच टाळ्या! इथे यायला बावीस वर्षं लागली होती.

"दिवसेंदिवस, वर्षानुवर्षं, आपल्याला पत्ताही न लागता!"

"बराबर हाय!" उमाजी ओरडला. "तीन वरसं झाली!"

"चाळिशी उलटली की तर याचा जोर आणखी वाढतो!"

"खरं आहे री," वीरभद्रप्पा पुटपुटले आणि त्यांनी 'चाळिशी' असं वहीत लिहून घेतलं.

"आपण कष्ट करतो, घाम गाळतो, आणि हा गंज आपली शक्ती खाऊन टाकतो! अशा वेळी आपण काय करायचं? हातावर हात ठेवून बसायचं?"

"न्हाई!" सगळं मैदान गरजलं.

"मग काय करायचं?"

"टाळं ठोकायचं!" उमाजी उभा राहिला. त्याच्यामागे दोनशे माणसं उभी राहिली. "गंज घालवा! गंज घालवा!"

वीरभद्रप्पांचा हात डोक्यावरच थांबला. टकलाला टाळं कसं ठोकतात, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग त्यांची नजर शेतकऱ्यांच्या मुठींकडे गेली, मागच्या आडत्यांच्या चेहऱ्यांकडे गेली, आणि तीन भाषांमधून फिरून तो शब्द शेवटी त्यांच्या स्वतःच्या दुकानापाशी येऊन उभा राहिला.

"अय्यो! काय री मास्तर हे! माझ्या मंडपात, माझ्या भोंग्यावर, माझ्याच गंजाला टाळं?"

"तुमचा गंज?" नरहरराव गोंधळले. "अहो, तो सगळ्यांनाच असतो. तुमचा जरा जास्त असेल, वयामुळे."

हे ऐकून शेतकऱ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. वीरभद्रप्पांनी मनात हिशेब केला. येळवशीनंतर तुरीची आवक सुरू व्हायची होती, आणि तूर गंजात येण्याऐवजी सरळ उमरग्याच्या बाजारात गेली तर वर्षभर माशा मारत बसायची पाळी. त्यांनी माइक आपल्याकडे ओढला.

"ऐका री सगळे! हौद बांधतो! बैलांना पाण्याचा हौद, संक्रांतीच्या आत! सावलीला पत्रे पण टाकतो! पण गंज घालवू नका री!"

मैदानात एकच जल्लोष झाला. पटके हवेत उडाले. उमाजीने नरहररावांचे पाय धरले. "मास्तर, तीन वरसं अर्ज करायलो. तुम्ही चार वाक्यांत काम केलंत!"

"हौद? कसला हौद?" नरहररावांनी बंडोपंतांकडे पाहिलं. बंडोपंतांनी कुंपणापलीकडच्या बैलांकडे आणि मग बाजाराकडे बोट केलं.

खरं म्हणजे इथे गप्प बसले असते तर नरहरराव त्या दिवशी खांद्यावर बसून घरी गेले असते. पण ते हाडाचे मास्तर होते, आणि चुकीचं उत्तर बरोबर धरून पुढे जाणं त्यांना एकतीस वर्षांत जमलं नव्हतं.

"थांबा! मी त्या गंजाबद्दल बोलतच नाही! हा गंज लोखंडाला चढतो तो! शरीराच्या आत चढतो तसला! मी जेवणाबद्दल बोलायलोय!"

उमाजीने धरलेले पाय सोडले. मग डावीकडून नागूबाईचा आवाज आला. "म्हंजी गंज बदलून मिळायचे न्हाईत?"

"कसले गंज?"

शंभरेक जर्मनची भांडी एकदम वर झाली. नरहररावांना तेव्हा आपल्या ओळीचं खरं सामर्थ्य कळलं. वीरभद्रप्पांनी हळूच विचारलं, "आणि मास्तर, केसाचं काय?" तेव्हा तर ते खुर्चीवर टेकलेच.

लोक उठायला लागले. शेतकऱ्यांचं काम झालेलं होतं, बायकांचं होणार नव्हतं. नरहररावांच्या हातात भाषणाचे अकरा कागद होते, आणि त्यांतली फक्त चार वाक्यं झाली होती. त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि माइकमध्ये नुसतंच म्हटलं, "पाच मिनिटं बसा हो. बावीस वर्षं थांबलोय मी."

हे असं सरळ कुणी म्हटलं की माणूस बसतो. लोक बसले.

"पालक, मेथी, अंबाडी, गाजर, टमाटे, आवळा, तुरीचे ओले दाणे," नरहररावांनी भराभरा सांगितलं. "जितके रंग जास्त, तितकं चांगलं. रोज थोडं थोडं पोटात गेलं, तर शरीराला ती झीज आवरायला मदत होते. पी हळद आणि हो गोरी, असं नाही. पण रोज खावं."

"आवो, ही तर येळवशीची भज्जी झाली!" उमाजी म्हणाला. येळवशीला शेतात जाऊन सगळा हिरवा-लाल भाजीपाला आणि ओले दाणे एकत्र शिजवतात, ती भज्जी. "म्हंजी येळवशीची भज्जी वरसभर खावा, एवढंच ना?"

नरहररावांनी बाजूला ठेवलेल्या कागदांकडे पाहिलं. अकरा कागदांत जे बसलं नव्हतं ते या माणसाने एका ओळीत सांगितलं होतं. "एवढंच," ते म्हणाले.

"मग तसं फळ्यावर लिव्हायचं की! आम्ही चांगलं समदं गंजात न्हेतो अन् घरी किडकं ठिवतो. आता पयलं घरचं, मग गंजाचं."

बायकांत कुजबुज झाली, माना हलल्या. आता खऱ्या टाळ्या पडणार, हे नरहररावांना स्पष्ट दिसलं. तेवढ्यात नागूबाई रिकामा गंज काखेत मारून उभी राहिली.

"मास्तर, एक इचारू? तुमच्या दारावरनं मी पंधरा वरसं टोपली न्हेते. तुमी काय खाता?"

"मी? म्हणजे... सगळं खातो."

"कुसुमअक्का, तुमी सांगा."

सातशे माना कुसुमताईंकडे वळल्या. कुसुमताई सत्यनारायणाच्या दिवशीही खोटं बोलत नसत आणि इतर दिवशीही नसत.

"बटाटा," त्या म्हणाल्या.

"अन् आणिक?"

"बटाट्याची भजी." मग जरा थांबून त्यांनी मनातलं सगळंच सांगून टाकलं. "येळवशीच्या भज्जीतसुद्धा हिरवं हिरवं वेचून बांधावर ठेवतात."

त्यानंतर मैदानात जे हसू फुटलं ते थांबता थांबेना. वीरभद्रप्पा टोपीने डोळे पुसत होते. उमाजी आडवा झाला होता. टाळ्याही पडल्या, भरपूर पडल्या, फक्त त्या कशासाठी पडल्या हे वक्त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. नरहरराव कानापर्यंत लाल झाले होते, आणि का कोण जाणे, थोडं हसतही होते.

संक्रांतीला हौद झाला. त्यानंतर आठवड्याने नरहररावांना पलीकडच्या तालुक्यातून पत्र आलं. तिथल्या शेतकरी मंडळाने लिहिलं होतं, 'आपल्या एका जळजळीत भाषणाने नागलगीच्या गंजात हौद बांधला गेला असे कळते. आमच्याही गंजात बैलांना सावली नाही. तरी प्रमुख वक्ते म्हणून आपण येऊन गंजाविरुद्ध बोलावे.'

'प्रमुख वक्ते' हे दोन शब्द नरहररावांनी तीन वेळा वाचले. मग दौत-टाक घेऊन बसले.

"काय लिहायलात?" कुसुमताईंनी ताट मांडता मांडता विचारलं. "तो गंज नव्हे, हा गंज, असं कळवा म्हणजे झालं. मग बोलावणार नाहीत."

"लिहिलंय की, विषय तोच. गंज कोणता ते तिथं गेल्यावर दोन्ही सांगतो. सावलीचंही सांगतो, भाजीचंही सांगतो. फक्त तारीख दीड महिना पुढची ठेवा म्हणालोय."

"दीड महिना? कामून?"

"कुणीतरी उठून विचारणारच ना, मास्तर तुम्ही काय खाता म्हणून. दीड महिन्यात खरं सांगता येईल इतपत तरी पोटात जायला पाहिजे." नरहररावांनी पाट पुढे ओढला आणि डोळे घट्ट मिटले. "वाढ ती अंबाडी. बघायला सांगू नकोस."